टी-३ मध्ये टीडीआय: चौदा हजार किलोमीटरनंतर

आमची गाडी १९८७ ची फोक्सवॅगन टी-३ व्हॅन, वेस्टफालिया कंपनीने कॅम्पर केलेली, छत वर उचलून झोपायला जागा होणारी. मूळ इंजिन १.६ लिटरचं टर्बो डिझेल, कोड जेएक्स, ताकद ७० अश्वशक्ती. आम्ही जर्मनीत राहतो. स्टुटगार्टहून म्युनिककडे निघालं की ए-८ हायवेवर श्वेबियन आल्ब डोंगराचा चढ लागतो. खंडाळ्याच्या घाटाचा धाकटा भाऊ म्हणा. चार माणसं, पाण्याची टाकी आणि मागे सायकली घेऊन आमची गाडी तिथे ट्रकच्या रांगेत जाऊन बसायची, आणि तिसरा टाकू की दुसऱ्यावर उतरू या विचारात माझा डावा पाय क्लचवरच राहायचा. नवरा अशा वेळी सीटवर पुढे झुकून बसायचा, जणू त्याने गाडीला हातभार लागणार आहे.

त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरलं तेव्हा दोन पर्याय होते. तेच इंजिन बांधून घ्यायचं किंवा १.९ टीडीआय, म्हणजे फोक्सवॅगनचंच पुढच्या पिढीचं टर्बो डिझेल, बसवायचं. आम्ही दुसरा घेतला. मागच्या मार्चमध्ये काम झालं, आज अकरा महिने आणि चौदा हजार किलोमीटर झाले. बसवल्या बसवल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून थांबले होते.

इंजिन फोक्सवॅगनच्याच पासाट बी-४ कारमधलं, कोड १झेड, ९० अश्वशक्ती. १९९१ साली आलेल्या इंजिनाला आधुनिक म्हणायचं का, असं कुणी विचारेल. या गाडीच्या मानाने आहे. कॉमन रेलचं, म्हणजे हल्लीचं पूर्ण कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन मुद्दामच टाळलं. त्याला एबीएसचा, डॅशबोर्डचा, पार्टिक्युलेट फिल्टरचा ठावठिकाणा लागला नाही की ते रुसून बसतं. १झेडचे जुने कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचे कॉम्प्युटर, इमोबिलायझरशिवायचे (चोरीविरोधी कुलूप नसलेले) मिळतात, चार-पाच वायरी नीट दिल्या की काम भागतं. ज्यांना तेवढंही नको त्यांच्यासाठी ७५ अश्वशक्तीचं एएझेड इंजिन आहे. त्याचा पंप पूर्ण मेकॅनिकल, कॉम्प्युटरच नाही. आज पुन्हा निवडायचं झालं तर मी त्याचा जरा जास्त वेळ विचार करीन. कारण पुढे येईलच.

टी-३ चं डिझेल इंजिन मागे, डिक्कीच्या फळीखाली, ५० अंश डावीकडे आडवं पडलेलं असतं. पासाटचं बऱ्यापैकी उभं असतं. त्यामुळे जुन्या इंजिनाचं ऑइल चेंबर, ऑइल ओढणारा पाइप आणि डिपस्टिकची नळी नव्याला लावावी लागते. ब्लॉक त्याच घराण्यातला असल्याने गिअरबॉक्सशी बोल्ट जुळतात. इंजिन टेकवायचे फाउंडेशन ब्रॅकेट तयार मिळतात. एअर इनटेकचा बेंड मात्र वरच्या झाकणाला घासत होता, तो कापून, फिरवून वेल्ड करावा लागला. टीडीआयला ॲक्सिलरेटरची केबल नसते, सेन्सर असतो. आम्ही पेडलपासून मागे जाणारी जुनी केबल तशीच ठेवून तिच्या टोकाला सेन्सर बसवला. पायाला फरक कळत नाही.

सांगलीला काकांच्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं होतं, तेव्हा लेथवाल्याने दुपारभरात प्लेट कापून दिली आणि संध्याकाळी जीप रस्त्यावर. इथे जर्मनीत इंजिन बदललं की इन्स्पेक्टरकडून स्वतंत्र मंजुरी लागते. आमचा खरा जीव अडकला होता तो एच नंबरप्लेटमध्ये, म्हणजे तीस वर्षांवरच्या गाडीच्या प्लेटमध्ये. ती असली की रोड टॅक्स वर्षाला जेमतेम १९२ युरो, आणि स्टुटगार्टमध्ये २०१९ पासून जुन्या डिझेलवर असलेली बंदी लागू होत नाही. ती गेली तर आम्हाला स्वतःच्या घरी गाडी आणता आली नसती. गाडीत केलेला बदल पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत शक्य होता हे दाखवावं लागतं. गाडी १९८७ ची, इंजिन १९९१ चं, म्हणजे गणित बसतं. ११० अश्वशक्तीचं पुढचं टीडीआय घेतलं असतं तर तारखा अगदी काठावर आल्या असत्या. वाढलेल्या ताकदीला ब्रेक पुरतील का असं इन्स्पेक्टरने विचारलं, पण ११२ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन कंपनीनेच याच गाडीत दिलं होतं, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. तरी ऑफिसातल्या परीक्षेला गेले नसेन इतकी तयारी करून गेले होते. काम सुरू करायच्या आधी इन्स्पेक्टरला भेटा, नंतर नको.

आता चालवण्याबद्दल. पहिले दोन महिने मी नाराज होते. जेएक्सचा टॉर्क १३८ न्यूटन मीटर, याचा २०२, तोही दोन हजार आरपीएमच्या आतच. चढावर गाडी सुसाट, पण हायवेवर शंभरच्या वेगाला इंजिन साडेतीन हजारांवर बोंबलत होतं. गिअरबॉक्स जुन्या अशक्त डिझेलसाठी बनवलेला, गिअर आखूड. सिग्नलवरून निघताना पहिला टाकेपर्यंत दुसरा टाकायची वेळ यायची. मे महिन्यात गिअरबॉक्स उतरवून आतले वरचे गिअर लांब करून घेतले, आणि खरी गाडी त्या दिवशी मिळाली. शंभरला आता अठ्ठावीसशे. मागच्या सीटवरच्या मुलीशी ओरडल्याशिवाय बोलता येतं. लोक इंजिनावर सगळे पैसे ओततात आणि गिअरबॉक्सला पुढच्या वर्षी बघू म्हणतात. मीही तेच केलं, आणि क्लचसाठी मजुरी दोनदा भरली.

आल्बचा चढ आता चौथ्या गिअरमध्ये, ट्रक मागे टाकत. जुलैमध्ये ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत गेलो, १३७० मीटरपर्यंतचा चढ, आणि नवरा पूर्ण वेळ मागे टेकून बसला होता. डिझेल पूर्वी शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर जायचं, आता सरासरी आठ. फार वाचवलं असं नाही, कारण आता मी हळू चालवत नाही.

तापण्याचं म्हणाल तर रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मधे गाडीभर लांब पाइप. पाणी भरताना गाडीचं नाक हातभर उचलून रेडिएटरवरच्या स्क्रूने एअर काढावी लागते. वर्कशॉपने ते घाईत केलं होतं. पहिल्याच आठवड्यात सिस्टिमने एअर धरली, काटा वर आणि हीटर थंडगार. मी घराबाहेरच्या चढावर गाडी लावून तासभर बसून एअर काढली, तेव्हापासून त्रास नाही. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, डावीकडच्या मागच्या झडपेआड आहे. चालत्या गाडीत ठीक, पण ट्रॅफिक जॅममध्ये तिथे वारा पोचत नाही, म्हणून छोटा पंखा लावला. एक्झॉस्टचा पाइपही ॲक्सलच्या रबरी बूटाच्या फार जवळून नेला होता. जूनमध्ये बूट वितळून ग्रीस सगळीकडे उडालं. पत्र्याचा आडोसा लावून घेतला, वर्कशॉपने पैसे घेतले नाहीत, पण चूक कबूलही केली नाही.

आणि आता तो किस्सा, ज्यामुळे एएझेडचा जास्त विचार करीन म्हटलं होतं. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या अलीकडे, चालत्या गाडीत इंजिन बंद. धक्का नाही, आवाज नाही, दिवा विझावा तसं. कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवली तर स्टार्टर जोरात फिरतोय आणि हीटर प्लगचा दिवा लागतच नाही. त्या काळच्या टीडीआयवाल्यांना ही खूण पाठ असते: रिले १०९. कंट्रोल युनिटला करंट देणारा हा रिले, आतलं सोल्डरिंग तडकतं आणि गाडी मरते. मला ते घरी आल्यावर कळलं. त्या रात्री टो करून नेलेल्या गाडीतच यार्डात झोपलो. जेएक्सला एक वायर आणि डिझेल मिळालं की ते चालायचं, पाना घेऊन खाली वाकलं की काय बिघडलंय ते दिसायचं. हा रिले वीसेक युरोंचा. आता दोन जास्तीचे चहाच्या डब्याशेजारी असतात.

थंडीत हे इंजिन पटकन सुरू होतं, उणे आठलाही. पण गरम व्हायला वेळ घेतं, पहिले पंधरा किलोमीटर मोजे-टोपी घालूनच. रात्री मुक्कामाला पोचल्यावर मात्र उलटं, बिछाना इंजिनाच्या वरच, गादी तासभर शेकलेली. मुलीला तीच जागा हवी असते. आवाज जेएक्सपेक्षा कडक आहे, खडखड अधिक. झाकणाखाली जाड आवरण चिकटवलं, थोडा फरक पडला. ऑइल बघायचं तर गाद्या, पांघरुणं, पातेली सगळं बाहेर काढावं लागतं, तो जाच इंजिन बदलून सुटत नाही.

गिअरबॉक्स धरून खर्च साडेआठ हजार युरोंच्या वर गेला, आणि बसवण्याआधी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच सगळं नवं टाकलं ते त्यातच. ऑइल चेंबरच्या गॅस्केटमधून अजून थेंब-थेंब गळतं. पार्किंगमध्ये पुठ्ठा ठेवलाय, एप्रिलमध्ये बघू.