अनंत की तगर? घोडबंदर रोडच्या नर्सरीतले फोटो बघून कळलं

गेल्या वर्षी दुसरीकडून सासूबाईंसाठी अनंत म्हणून रोप आणलं, वर्षभर पाणी घातलं आणि फुललं तेव्हा डबल तगर निघाली 😅 सासूबाई अजून ऐकवतात. त्यामुळे ह्या वेळी घोडबंदरच्या ह्या नर्सरीत गेले ते जरा धास्तीनेच.

इथे सारख्या दिसणाऱ्या झाडांचे फोटो शेजारी शेजारी लॅमिनेट करून लावलेत, मला हे जाम आवडलं. अनंत-तगरच्या फोटोत दोघांचं एकेक पान देठापासून तोडलंय, तगरीच्या देठाला दुधासारखा चीक आलाय आणि अनंताचं देठ कोरडं. बस, संपला विषय! फूल यायची वाट बघायलाच नको. माळीदादांनी खरं पान तोडूनपण दाखवलं.

मनी प्लांट आणि फिलोडेन्ड्रॉनचा फोटोपण भारी, फिलोडेन्ड्रॉनचं कोवळं पान पातळ आवरणातून बाहेर येतं आणि मनी प्लांटला ते आवरण नसतं, नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच उलगडतं. मी इतकी वर्षं दोघांना मनी प्लांटच म्हणत होते.

पण मोगऱ्याचा फोटो पावसाचं पाणी आत जाऊन पार पुसट झालाय, आणि रामतुळस-कृष्णतुळसच्या फोटोत एक उन्हात काढलाय नि दुसरा सावलीत, मग रंगातला फरक कळणार कसा? तो बदला प्लीज. पार्किंगची बोंब आहे, रिक्षाने जा.

अनंत घेतला, चीक चेक करूनच. चार स्टार.