पिवळी बीओ मोटर की एन-२०?

शाळेच्या प्रोजेक्टातली पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटर स्वस्त, पण दोन रुळांत १६.५ मिमी अंतर असलेल्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनात ती बसतच नाही. चाकांमधल्या जागेपेक्षा ती रुंद. गिअर प्लॅस्टिकचे, चाक अडकलं की दात जातात. मोठ्या लाकडी इंजिनाला चालेल.

एन-२० ही छोटी गिअरवाली मोटर घ्या. गिअरबॉक्स १२ बाय १० मिमी, दात धातूचे. १:८७ मापात (खऱ्या गाडीच्या ८७वा भाग) साडेबारा मिमी व्यासाच्या चाकाला खऱ्या गाडीच्या ताशी ४० किमीसाठी मिनिटाला सुमारे २०० फेरे लागतात. हजार फेऱ्यांची घेतली तर इंजिन उधळतं. लोंढ्यापुढचा कॅसलरॉक घाट, ३७ ला १ चढ, मॉडेलमध्ये उभारायचा (मीटरभर रुळाला २७ मिमी) तर कमी फेऱ्यांचीच डबे ओढते. मोटरचा शाफ्ट इंजिनाच्या लांबीच्या दिशेने येतो, म्हणून चाकांच्या आसाला समान दातांचे बेव्हल गिअर (काटकोनात फिरवणारे) लावा. १२ व्होल्टच्या रुळावर ६ व्होल्टची मोटर तापून जळते. मोटरला तार जोडताना सोल्डरचा डाग पटकन द्या. सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकली की मागची प्लॅस्टिकची टोपी वितळून टर्मिनल हलतं.