दुकानाच्या काउंटरवर पायथन की ऑटोहॉटकी?

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं पुस्तकांचं दुकान आहे. शाळा उघडायच्या तोंडावर मान वर करायला फुरसत नसते आणि नेमक्या तेव्हाच वितरकांच्या एक्सेल याद्या येतात. आमच्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एक्सेल आत घ्यायची सोयच नाही. ४०० पुस्तकं म्हणजे ४०० वेळा नाव, टॅब, किंमत, टॅब, नग, एंटर. त्यासाठी मी आधी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले, मग ऑटोहॉटकी, म्हणजे आपल्याऐवजी कीबोर्डच्या कळा दाबणारं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट आहेत.

यादी साफ करायला पायथनला तोड नाही. एक्सेल फाइल वाचणारी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून कोऱ्या ओळी गाळणं, दोनदा आलेली नावं एकत्र करणं वीसेक ओळींत होतं. गाडी अडली ती टायपिंगला. पायथनमधून कळा दाबणाऱ्या पायऑटोजीयूआय या लायब्ररीला देवनागरी टाइप करता येत नाही. प्रत्येक नाव क्लिपबोर्डवर घेऊन पेस्ट करावं लागलं.

ऑटोहॉटकी मराठी नाव सरळ उमटवतं. ते फक्त विंडोजवर चालतं, पण दुकानात दुसरं आहेच काय! घ्यायचं तर डिसेंबर २०२२मध्ये आलेली दुसरी आवृत्ती घ्या. मात्र तिचं व्याकरण बदललंय, नेटवरचे जुने नमुने तसेच्या तसे चालत नाहीत.

सुरुवातीला मी दर पुस्तकामागे 'स्लीप ५००', म्हणजे अर्धा सेकंद थांबा, एवढंच लिहिलं होतं. एकदा एंट्रीची विंडो उशिरा उघडली. नाव आणि पहिला टॅब हवेत गेले, किंमत नावाच्या जागी बसली, नग किमतीच्या जागी. दुपारी काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "वहिनी, हे '१४५' नावाचं ६० रुपयांचं पुस्तक कुठलं?" तेव्हापासून विनवेटअ‍ॅक्टिव्ह लावते. विंडो समोर आल्याशिवाय एकही कळ दाबली जात नाही.

काकांसाठी खरी चैन वेगळीच. 'बीबी५' एवढं इंग्रजीत टाइप करून स्पेस दिली की 'बालभारती, इयत्ता पाचवी' उमटतं. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ऑटोहॉटकीसाठी लिहिलेल्या सूचनांच्या फाइलमध्ये, त्याला एकच ओळ लागते. पायथनमध्ये एवढ्यासाठी वेगळी लायब्ररी आणावी लागते.

कॉलेजातल्या पोरांनी पायथनच शिकावं, ते कुठेही कामाला येतं. दुकानदाराला एकच शिकायचं असेल तर मी ऑटोहॉटकी सांगेन. फक्त एस्केप दाबताच स्क्रिप्ट बंद पडेल, ही ओळ सगळ्यात आधी लिहा.