कायम, करार की एजन्सी? नगरपरिषदेत जाणकार माणूस टिकवायचा तर

आकृतिबंधात, म्हणजे नगरपरिषदेच्या मंजूर पदांच्या यादीत, पाणीपुरवठा अभियंत्याचं पद आहे, पण रिक्त आहे. जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) येणारा माणूस हवा आहे, त्याचं तर पदच नाही. अशा वेळी मुख्याधिकाऱ्यांपुढे तीन वाटा असतात: राज्य संवर्गातून, म्हणजे राज्यभर बदली होणाऱ्या नगरपरिषद सेवेतून, कायम माणूस मागा, सहसा 11 महिन्यांच्या करारावर थेट घ्या, नाहीतर एजन्सीमार्फत आणा. तुलना होते ती पगाराच्या आकड्यांची. माणूस टिकणार की नाही, हे मात्र नियुक्तीपत्रात नसलेल्या गोष्टींवर ठरतं. व्यवस्थापनशास्त्रात त्याला मानसशास्त्रीय करार म्हणतात. डेनिस रूसो यांनी 1989 मध्ये केलेली मांडणी साधी आहे: मी काय द्यायचं आणि त्या बदल्यात मला काय मिळणं लागतं, याची कर्मचाऱ्याच्या मनातली समजूत.

कायम माणूस

इथली समजूत जुनी आहे. बाहेर जास्त मिळेल, पण इथे 58 व्या वर्षापर्यंत घर चालेल. 10, 20, 30 वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेचा लाभ (बढती नसली तरी वरची वेतनश्रेणी), वर पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि या समजुतीला मोठा तडा गेला. मार्च 2023 चा सरकारी कर्मचाऱ्यांचा संप त्याच दुखण्यातून आला.

तरीही कायम माणूस सहसा राजीनामा देत नाही. तो अंग काढून घेतो, आणि ते हजेरीपत्रकात दिसत नाही. तीन टेबलांचा अतिरिक्त पदभार, एखाद्या बिलावर सही करण्यासाठी दबाव, आणि पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की उत्तर द्यायला तो एकटाच. ‘नियमाने वागलो तर साहेब पाठीशी राहतील’ हा भरवसा एकदा मोडला की त्याची प्रत्येक फाईल ‘मार्गदर्शनार्थ सादर’ असा शेरा घेऊन वर जाते. पगार चालू, कौशल्य बंद.

दुसरी अडचण बदलीची. संवर्गातला अभियंता गावाची पाइपलाइन समजून घेईपर्यंत दुसऱ्या नगरपरिषदेत जातो. कुठला व्हॉल्व्ह अडकतो, कुठल्या गल्लीत जुनी लाइन नकाशात नसूनही चालू आहे, हे शेवटी स्थानिक आस्थापनेवरच्या व्हॉल्व्हमनलाच ठाऊक. त्याला आपण ‘कुशल’ धरतच नाही, हे वेगळं.

थेट करार

भरती लवकर होते, हवं ते कौशल्य मिळतं, आणि नवखा माणूस पहिलं वर्षभर झपाटून काम करतो. पण का करतो? कारण कोणीतरी त्याला म्हटलेलं असतं, ‘थांबा थोडं, तुमचं करून घेऊ.’ हे वाक्य कुठल्याही आदेशात नसतं आणि ते पाळण्याचा अधिकार म्हणणाऱ्याकडेही नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर तर नुसती कराराची वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही. तरी माणूस आशेवर राहतो.

मग 11 महिने संपतात, एका दिवसाचा खंड पडतो, मुदतवाढीची फाईल आस्थापना, लेखा, मुख्याधिकारी अशी फिरत राहते. त्या काळात तो कामावर येतोच; मानधन मात्र दोन-तीन महिन्यांनी एकदम निघतं. शेजारच्या टेबलावर त्याच कामाचं वेतन आयोगाप्रमाणे वेतन. समान कामाला समान वेतनाचं तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं, पण आपल्या टेबलापर्यंत ते पोचलेलं नाही हे त्याला रोज दिसतं. चांगला माणूस इथेच जातो, आणि तोही तयार होऊन. कमी मानधनापेक्षा खोटी आशा त्याला जास्त लागते, असं माझं मत आहे.

एजन्सी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. माणसाची समजूत एजन्सीशी, काम नगरपरिषदेचं, त्यामुळे निष्ठा कोणाशी हा प्रश्न विचारूच नये. 6 सप्टेंबर 2023 चा नऊ एजन्सींमार्फत भरतीचा शासन निर्णय सरकारला ऑक्टोबरमध्येच मागे घ्यावा लागला, इतका रोष होता. डेटा एंट्री, सुरक्षारक्षक अशा कामांना ठीक. पाणी, अग्निशमन, नगररचना इथे नको.

मग निवड कशी करायची?

ज्या कामाचं ज्ञान गावाला चिकटलेलं आहे, तिथे कायम पदासाठी पाठपुरावा करावा, वेळ लागला तरी. महापालिकेत असाल तर आस्थापना खर्चाची, म्हणजे कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाची, 35 टक्क्यांची मर्यादा आडवी येईल. तेव्हा इतर पदं मागे ठेवून हीच आधी मागावीत. सर्वेक्षण, सॉफ्टवेअर, योजनेचा प्रकल्प अहवाल अशी मुदतीची कामं थेट करारावर द्यावीत, पण पहिल्याच दिवशी सांगावं: इथे कायम होणार नाही, अनुभवाचं प्रमाणपत्र चोख मिळेल, प्रशिक्षणाला पाठवू, मानधन पाच तारखेला. एवढं पाळलं तरी माणूस प्रकल्प संपेपर्यंत थांबतो. त्यासाठी मुदतवाढीची फाईल नवव्या महिन्यात उघडावी लागते, बाराव्या नव्हे. आणि कायम असो वा करारावरचा, आक्षेप आला की उत्तराच्या मसुद्यावर मुख्याधिकाऱ्यांचीही सही असावी.