सेंद्रिय शेतीची स्वतंत्र पदवी, की कृषी पदवीतले वैकल्पिक विषय?

सेंद्रिय आणि शाश्वत शेतीचे विद्यापीठीय शिक्षण घ्यायचे, हे एकदा ठरले की प्रश्न उरतो तो वाटेचा. एक वाट स्वतंत्र अभ्यासक्रमाची. तिथे पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषय सेंद्रिय शेतीच्या अंगानेच शिकवला जातो. दुसरी वाट नेहमीच्या कृषी पदवीची. तिथे कृषिविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र वगैरे आधी पक्के करून घेतात आणि शेवटच्या काही सत्रांत सेंद्रिय व शाश्वत शेतीचे वैकल्पिक विषय निवडू देतात. मी पदवी दुसऱ्या वाटेने घेतली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पहिल्या वाटेवर आलो. त्यामुळे दोन्ही घाटांचे पाणी थोडेथोडे प्यायलो आहे, एवढाच माझा अधिकार समजावा.

सर्वसाधारण पदवीचे ऋण मी नाकारणार नाही. नत्र मातीत कोणत्या रूपांत असतो, तो कशाने वाहून जातो, प्रयोगाची मांडणी यादृच्छिक का करायची, हे मला तिथे ज्या काटेकोरपणे शिकवले गेले तसे पुढे कुठे शिकायला मिळाले नाही. शिवाय तिथे प्रश्न विचारण्याची मोकळीक असते. युरोपीय संघात सेंद्रिय शेतकऱ्याला तांब्याची बुरशीनाशके वापरता येतात, मात्र सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा पाळावी लागते. तांबे मातीत साचून राहणारा जड धातू आहे, मग हे शाश्वत कसे, असा प्रश्न आमच्या वर्गात कोणीही सहज विचारत असे. तणांचेही तसेच. नांगरट टाळून माती राखायची तर बहुतेक ठिकाणी तणनाशक लागते आणि तणनाशक टाळायचे तर पुन्हा अवजारे मातीत घालावी लागतात. ‘सेंद्रिय’ आणि ‘शाश्वत’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, हे मला या एका पेचावरून कळले. नोकरीच्या जाहिरातींत सर्वसाधारण पदवीचे नाव अधिक वेळा दिसते, हेही खरे आहे. घरच्यांना समजावणे सोपे जाते ते वेगळेच.

स्वतंत्र अभ्यासक्रमांची परंपरा त्या मानाने तरुण आहे. जर्मनीतील कासेल विद्यापीठाच्या वित्झेनहाउझेन येथील विभागात १९८१ मध्ये पर्यायी शेतीपद्धतींसाठी स्वतंत्र प्राध्यापकपद आले आणि या क्षेत्रातली ती सुरुवातीची पायरी मानली जाते. अशा अभ्यासक्रमांत काही शिक्षक ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांपासून निघालेली बायोडायनॅमिक पद्धत जरा जास्तच श्रद्धेने शिकवतात. गाईच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरण्याच्या प्रात्यक्षिकाला मी उभा राहिलो तेव्हा माझ्यातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी अवघडला होता, हे कबूल करतो. ज्यांना अशा गोष्टींचे वावडे आहे त्यांनी अभ्यासक्रमाची विषयसूची आधी नीट वाचलेली बरी.

तरीही माझा कल बदलला, तो एका वाफ्यामुळे. वैकल्पिक विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी आमच्या गटाला विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एक लहान तुकडा मिळाला होता. कंपोस्ट आम्हीच रचले. कर्ब आणि नत्राचे प्रमाण तीसास एकच्या आसपास यावे म्हणून काड आणि शेण वजन करून घातले, ढीग तापतो की नाही ते रोज सकाळी तापमापी खुपसून पाहिले. खुरपणी हाताने केली. चार दिवसांच्या सुट्टीनंतर परत आलो तर दोन ओळींच्या मधल्या ओल्या मातीवर पांढरे, गोल दाणे अर्धवट विरघळलेले दिसले. तो युरिया होता. प्रक्षेत्रावरच्या मामांना विचारले, तर ते निर्मळपणे म्हणाले, “पीक पिवळं पडत होतं, म्हणून मूठमूठ टाकलं सगळ्याच वाफ्यांत.” त्यांची काहीच चूक नव्हती. आमचा वाफा वेगळा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

तेवढ्यावर भागले असते तर मी ती गंमत म्हणून सोडून दिली असती. पण चौकशी केल्यावर कळले की तो तुकडा आदल्या वर्षी खतमात्रेच्या प्रयोगात होता आणि पुढच्या वर्षी तणनाशकाच्या प्रयोगाला जाणार होता. दर वर्षीच्या विद्यार्थ्यांना नवा तुकडा मिळे आणि एका सत्रापुरता तो ‘सेंद्रिय’ म्हणवला जाई. युरोपीय नियमांनुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे पीक सेंद्रिय म्हणवण्याआधी जमीन सेंद्रिय पद्धतीने कसण्याचा काळ, लागतो आणि बहुवार्षिक पिकांना साधारणपणे तीन वर्षे. आमची जमीन पहिल्या वर्षातून कधी बाहेरच पडत नव्हती, आणि उत्पादन सर्वांत जास्त घसरण्याची शक्यता नेमकी याच वर्षांत असते. म्हणजे प्रत्येक नवी तुकडी तीच घट मोजायची आणि सेंद्रिय शेतीत उत्पादन कमी येते असा तोच निष्कर्ष अहवालात लिहून मोकळी व्हायची.

या विषयात काळच खरी प्रयोगशाळा असते, हे मला तेव्हा जाणवले. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथील ब्रॉडबाल्कच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि त्यात शेणखताचा पट्टाही आहे. स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक खते वापरणाऱ्या प्रचलित पद्धती शेजारीशेजारी चालवल्या जातात. तिथल्या पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत सेंद्रिय पद्धतींचे उत्पादन सुमारे २० टक्के कमी होते, पण खते आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी होता. ही तुलना एकवीस वर्षे तोच वाफा तसाच राखल्यामुळे शक्य झाली.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी ज्या जमिनीवर काम केले ती माझ्या आधी बरीच वर्षे रसायनांविना होती. तिथली फेरपालट माझ्या प्रबंधासाठी थांबली नाही की वळली नाही. द्विदल पिकाचा हिरवळीच्या खतासाठी असलेला हंगाम माझ्या वाट्याला आला, तर मला तोच अभ्यासावा लागला. सुरुवातीला याचा राग आला. नंतर लक्षात आले की वसंतात माती गार असताना नत्राचे खनिजीकरण, म्हणजे सेंद्रिय पदार्थांतला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळा होणे, मंद असते आणि पिकाची भूक मात्र तेव्हाच वाढू लागते. सेंद्रिय शेतकऱ्याची ही मोठी अडचण, पदवीच्या पुस्तकात मी जिच्यावर एक परिच्छेद वाचला होता, ती इथे पिकाच्या फिकट पानांवर आठवडाभर पाहायला मिळाली. आणि या वेळी कोणी मूठभर टाकून ती पुसून टाकली नाही.

सर्वांनी स्वतंत्र अभ्यासक्रमच निवडावा, असे मी म्हणणार नाही. ज्यांना सल्लागार व्हायचे आहे, संशोधनात कुठल्याही पद्धतीच्या शेतावर काम करायचे आहे किंवा ज्यांचे अजून पक्के ठरलेले नाही, त्यांचे सर्वसाधारण पदवीने फारसे बिघडत नाही. दोन्ही टप्पे करण्याइतका वेळ असेल तर माझ्यासारखा क्रमही चालेल. पण एकच निवडायचे असेल आणि पुढे स्वतः सेंद्रिय शेती करण्याचा किंवा प्रमाणीकरणात जाण्याचा विचार असेल, तर मी आज स्वतंत्र अभ्यासक्रमाकडे वळलो असतो, शिंगातल्या शेणासकट.

प्रवेशाआधी दोन्हीकडच्या प्रक्षेत्रांवर जाऊन यावे आणि सेंद्रिय म्हणून दाखवलेल्या वाफ्याची नोंदवही मागावी. त्या वाफ्यात रासायनिक खत शेवटचे केव्हा पडले ते तिथे तारखेसह लिहिलेले असायला हवे. मला एका ठिकाणी नोंदवही लगेच हातात दिली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी ती कोणाच्या कपाटात आहे, यावरच बराच वेळ चर्चा चालली.