आठ महिने ॲलिससोबत: ‘व्होग’चा डिसेंबर २००३चा अंक

‘व्होग’ या अमेरिकन फॅशन मासिकाचा हा जुना अंक मी आठ महिन्यांपूर्वी मागवला, तो केवळ ॲनी लीबोविट्झने लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या गोष्टीवर काढलेल्या फोटोंसाठी. स्टायलिंग ग्रेस कॉडिंग्टनचं, ॲलिस झालीय मॉडेल नताल्या वोदियानोवा, आणि गोष्टीतली बाकीची बरीचशी मंडळी म्हणजे खुद्द फॅशन डिझायनर. मी लहान मुलांचे फोटो काढते. अंक आला तेव्हापासून टेबलावरच आहे.

सुरुवातीला नुसती माणसं ओळखत बसले. झाडावरचं हसरं मांजर म्हणजे जाँ पॉल गोतिए, पांढरा ससा टॉम फोर्ड, बदामची राणी जॉन गॅलियानो. चहाच्या टेबलावरचा टोपीवाला म्हणून स्टीफन जोन्स, जो खरोखरच टोप्या घडवतो! या निवडीला मी आजही दाद देते.

मग नजर कपड्यांवर गेली. ॲलिसचे पोशाख वेगवेगळ्या डिझायनरांच्या हातचे, पण सगळे निळे. पुस्तकातली जॉन टेनियलची १८६५ची मूळ चित्रं काळी-पांढरी होती. लहानग्यांसाठी निघालेल्या १८९०च्या रंगीत आवृत्तीत ॲलिसचा झगा चक्क पिवळा आहे. निळा सगळ्यांच्या मनात पक्का बसवला तो डिस्नेच्या १९५१च्या चित्रपटाने. इथे त्या निळ्यामुळेच गोष्ट एकसंध राहते. दर पानाला झगा बदलतो, मुलगी मात्र तीच वाटते.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते तिच्या चेहऱ्याने. बहुतेक फोटोंत ती डोळे विस्फारत नाही, आ वासत नाही. पाहुण्यांच्या घरी आलेली शहाणी मुलगी जशी सगळं निरखत उभी राहते, तशी ती दिसते. आजूबाजूला एवढा गोंधळ, आणि मधे हा शांत चेहरा, म्हणून तो गोंधळ खरा वाटतो. त्याआधी मी मुलांना सारखी ‘अय्या, असा चेहरा कर’ म्हणायचे. आता म्हणत नाही.

नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन मीही प्रयत्न केला. या गोष्टीचा जीव लहान-मोठं होण्यात आहे, म्हणून कप मोठा आणि भाची लहान दिसावी यासाठी २४ एमएमची (रुंद कोनाची) लेन्स लावून कप कॅमेऱ्यापुढे आणि भाची आठ-दहा फुटांवर, अशी मांडणी केली. कप वीतभर अंतरावर होता तोवर एफ १६लाही, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप बारीक करूनही, धूसरच. दोन फुटांवर सरकवला, फोकस दोघांच्या मधे धरला, तेव्हा कुठे कपाची किनार आणि भाचीचे डोळे दोन्ही स्पष्ट आले. पण संध्याकाळची वेळ, एफ १६मुळे शटर मंदावलेलं, झग्याची कड हलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढले, आणि त्यातला एक फोटो मला मनापासून आवडतो.

तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. ‘सुस्थितीत’ म्हणून पाठवलेल्या प्रतीतलं एक पान कापलेलं निघालं. घेणार असाल तर आतल्या पानांचे फोटो आधी मागून घ्याच. शिवाय जोडपानाच्या मधोमध जे असेल ते बांधणीच्या खाचेत जातं. पान जोर लावून सपाट करायला गेलात तर जुना डिंक सुटतो. माझी दोन पानं अशीच सुटली.

याच गोष्टीवर फोटोग्राफर टिम वॉकरने पिरेली या टायर कंपनीचं २०१८चं कॅलेंडर केलं. त्यात सगळे कलाकार कृष्णवर्णीय, ॲलिस झालीय मॉडेल डकी थॉट, नेपथ्य शोना हीथचं. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत असं मला कळकळीने वाटतं, कारण ॲलिस सोनेरी केसांचीच हवी हा हट्ट त्यातून गळून पडतो. ज्या ॲलिस लिडेलला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली, तिचे केस तरी कुठे सोनेरी होते? आखूड आणि काळसर होते.

माझ्या भाचीचेही तसेच आहेत. पुढच्या वेळी तिच्यासाठी पिवळा झगा शिवतेय.