लक्षद्वीपच्या नावाने सोलापुरात झालेली फसवणूक

लक्षद्वीपला नेतो असे सांगून सोलापूर शहरातील आमच्यासह अनेक कुटुंबांकडून पैसे घेणाऱ्या एका सहल व्यावसायिकाचा हा अनुभव आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे व त्याच्या व्यवसायाचे नाव येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण ती निव्वळ थापांवर उभी नव्हती. बेटांवर जाण्यासाठी जे खरे नियम आहेत, त्यांतील प्रत्येक नियम त्याने पैशांचा नवा हप्ता मागण्यासाठी वापरला.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप दौऱ्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि देशभर या बेटांविषयी कुतूहल वाढले. त्याच महिन्यात, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, होम मैदानाच्या परिसरात या गृहस्थाची रंगीत पत्रके वाटली जात होती. रेल्वेने कोची, तेथून जहाजाने बेटे, वातानुकूलित निवास, सोबत आपला आचारी आणि शुद्ध शाकाहारी जेवण, असा सगळा थाट माणशी ३८,००० रुपयांत मिळणार होता. शहराच्या मध्यवर्ती भागात त्याचा गाळा होता, भिंतीवर नकाशा होता, आणि बोलणे अतिशय अदबीचे होते. ‘काका, काकू’ या संबोधनाशिवाय तो वाक्य सुरू करीत नसे. निवृत्त शिक्षक, बँकेतील माजी कर्मचारी आणि शाळकरी मुले असलेली काही कुटुंबे असा आमचा गट त्याच्याकडे जमला.

लक्षद्वीपमध्ये मुक्त प्रवेश नाही, ही गोष्ट त्याने पहिल्याच भेटीत सांगितली आणि ती खरी आहे. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या व्यक्तीला तेथे जाण्यासाठी प्रशासनाचा प्रवेश परवाना घ्यावा लागतो. छत्तीस बेटांपैकी वस्ती केवळ दहांवर आहे, सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे, आणि पाणी, वीज व निवासाची सोय मर्यादित असल्यामुळे पर्यटकांची संख्याही मर्यादित ठेवली जाते. हे सर्व त्याने अचूक सांगितले. त्यानंतर त्याने जे जोडले ते मात्र धादांत खोटे होते: परवाना गटाच्या नावाने निघतो, तो संयोजकाकडेच राहतो, आणि प्रवाशांनी परस्पर चौकशी केली तर अर्ज रद्द होतो. प्रत्यक्षात परवाना प्रत्येक व्यक्तीच्या नावाने असतो, त्यावर भेट द्यायच्या बेटाचा आणि कालावधीचा उल्लेख असतो, आणि अर्ज करण्यासाठी प्रशासनाची ऑनलाइन व्यवस्था आहे. नियमाच्या खऱ्या कडकपणामुळे त्याच्या खोट्या अटीही ऐकणाऱ्याला स्वाभाविक वाटत असत.

पहिल्या रकमेनंतर हप्ते सुरू झाले. परवान्यासाठी राहत्या भागातील पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला जातो, हे कारण सांगून त्याने माणशी २,५०० रुपये घेतले. आमच्यापैकी एकाच्याही घरी पोलीस ठाण्यातून कोणी आले नाही, कोणाला बोलावणे आले नाही, आणि स्वतः अर्जदाराने कागदपत्रे जोडून करावयाचा अर्ज कोणीही केलेला नव्हता. तरीही काही दिवसांनी ‘सर्वांची पडताळणी पूर्ण झाली’ असा संदेश आला. मग बेटावरील वारसा शुल्काच्या नावाखाली आणखी रक्कम मागितली गेली. असे शुल्क खरोखर आहे, पण ते इतके किरकोळ आहे की त्याने घेतलेल्या रकमेशी त्याची तुलनाही होऊ शकत नाही. आचाऱ्याची गोष्ट तर विशेष आहे. गटातील एका वहिनींनी विचारले की आचारीही बाहेरचाच, मग त्याचा परवाना कोणत्या नावाने काढला आहे. त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. आचारी कोण हे ठरलेलेच नसेल, तर त्याच्या नावाचा परवाना निघालेला असणे शक्य नाही, हे त्या माउलीच्या लक्षात आले होते. परंतु तोपर्यंत बहुतेकांची पूर्ण रक्कम जमा झालेली होती, आणि त्याने ‘बेटावरचाच स्वयंपाकी घेऊ’ असे म्हणून विषय बदलला. बेटांवर भाजीपालासुद्धा मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, तेथे सोलापुरी पद्धतीची भाकरी आणि शेंगाचटणी रोज वाढण्याचे आश्वासन किती पोकळ होते, हे वेगळे सांगायला नको.

फसवणूक ओळखण्याची सर्वांत मोठी खूण त्याने स्वतःच छापून दिली होती, ती म्हणजे कार्यक्रमपत्रिका. तिच्यात एकाच दिवशी सकाळी अगत्ती, दुपारी बंगारम आणि सायंकाळी मिनिकॉयचे दीपगृह असा क्रम होता. अगत्ती आणि बंगारम ही बेटे जवळ आहेत, पण मिनिकॉय हे अगदी दक्षिणेचे बेट आहे. अगत्तीपासून ते अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर असून मध्ये नाइन डिग्री चॅनल या नावाने ओळखला जाणारा रुंद सागरी पट्टा आहे. छोट्या बोटीने दुपारनंतर तेथे जाऊन सूर्यास्त पाहणे म्हणजे सोलापुरात दुपारचे जेवण करून बैलगाडीने सायंकाळच्या आरतीला पुण्याला पोहोचण्यासारखे आहे. १८८५ साली बांधलेले ते दीपगृह खरे आहे, त्याचे छायाचित्रही खरे होते, केवळ त्या दिवशी तेथे पोहोचणे अशक्य होते. निवासाच्या छायाचित्रांत पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या आलिशान कुटी होत्या. त्याच छायाचित्रांचा शोध इंटरनेटवर घेतल्यावर ती मालदीवमधील निघाली.

तारखाही संशयास्पद होत्या. सहल मेच्या अखेरीस, शाळांच्या सुट्टीत ठेवली होती. पर्यटकांसाठीच्या जहाज सहली साधारणपणे मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, कारण नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र खवळलेला असतो. अनेक बेटांभोवती प्रवाळाचे कडे असल्यामुळे मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना हलत्या जहाजाच्या दारातून लहान बोटीत उतरावे लागते. आमच्या गटातील गुडघेदुखी असलेल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेला त्याने ‘जहाजातून थेट जिन्याने किनाऱ्यावर’ असे सांगितले होते. आर्थिक फसवणुकीपेक्षाही हे वाक्य मला अधिक गंभीर वाटते. सहल खरोखर निघाली असती, तर त्या बाईंना त्या दारात उभे केल्यावर ही बाब कळली असती.

एवढे असूनही गट निघाला, कारण रेल्वेची तिकिटे खरी होती. सोलापूरवरून जाणाऱ्या कन्याकुमारी गाडीची आरक्षणे प्रत्येकाच्या नावाने होती आणि रेल्वेच्या संकेतस्थळावर ती पडताळूनही पाहता येत होती. खर्चाचा हा सर्वांत स्वस्त भाग त्याने चोख पार पाडला आणि त्याच्या आधारावर उरलेल्या मोठ्या रकमेविषयीचा विश्वास मिळवला. कोचीसाठीच्या एर्नाकुलम स्थानकावर उतरवून घेण्यासाठी येणारा प्रतिनिधी आला नाही. फोन आधी उचलला गेला नाही, नंतर बंद लागला. कोचीच्याच विलिंग्डन बेटावरील जहाजाच्या कार्यालयात आम्ही त्याने दिलेला कागद दाखवला. त्यावर ‘एम. व्ही. कवरत्ती’ या खऱ्या जहाजाचे नाव, अशोकचिन्ह आणि एक लांबलचक क्रमांक होता. आमच्यात तेलुगू आणि कन्नड बोलणारे होते, पण येथे दोन्ही भाषा निरुपयोगी ठरल्या. तेथील कर्मचाऱ्याने हिंदीत शांतपणे समजावले की हा कागद तिकीट नाही आणि परवानाही नाही, प्रवाशांच्या यादीत आमच्यापैकी कोणाचेही नाव नाही, आणि जहाजाचे तिकीट व प्रवेश परवाना हे दोन स्वतंत्र दस्तऐवज असून दोन्हींवर प्रवाशाचे नाव असावेच लागते. त्याच्या सौजन्याबद्दल आजही कृतज्ञता वाटते. त्याने आमच्या मुक्कामासाठी परवडणारी जागाही सुचवली. परतीच्या तिकिटांपर्यंतचे दिवस आम्ही कोचीतच काढले.

सोलापुरात परतल्यावर गाळा उघडा होता आणि तो गृहस्थ शांतपणे बसलेला होता, ही बाब अनेकांना खरी वाटत नाही. त्याचे म्हणणे असे की हवामानामुळे प्रशासनाने परवाने रद्द केले, पैसे ‘सरकारकडे अडकले’ आहेत आणि ते परत मिळण्यास काही महिने लागतील. तोवर हवी असल्यास त्याच रकमेत अंदमानची सहल घ्यावी, असाही प्रस्ताव त्याने ठेवला. लोक चिडले तेव्हा त्याने धनादेश दिले, मात्र प्रत्येकाला हात जोडून सांगितले की मी कळवल्याशिवाय बँकेत भरू नका. ही विनंती नीट समजून घेतली पाहिजे. धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने असते, आणि ती उलटू द्यावी एवढाच त्या विनंतीचा हेतू होता. गटातील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने त्याचे न ऐकता धनादेश लगेच भरला. तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली, नोटीस मिळाल्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे न आल्याने पुढील महिन्याभरात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेश न वटल्यास लागू होणाऱ्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फिर्याद दाखल झाली, आणि आजवर पूर्ण रक्कम परत मिळालेली ती एकच व्यक्ती आहे. बाकीचे धनादेश कालबाह्य झाले.

पोलिसांकडील तक्रारीत सर्वांत अडचणीची बाब पैसे कसे दिले गेले ही ठरली. पहिली रक्कम गाळ्याच्या नावाने होती, परंतु नंतरचे हप्ते यूपीआयने एका भलत्याच व्यक्तीच्या खात्यात मागवले गेले होते, आणि पडताळणीचे पैसे रोख व पावतीविना होते. ऑनलाइन व्यवहारातील फसवणूक लगेच लक्षात आल्यास सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवून रक्कम पुढे जाण्याआधी गोठवण्याची शक्यता असते. आमचे व्यवहार अनेक महिन्यांपूर्वीचे असल्याने तो मार्ग उरला नव्हता. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असल्यामुळे त्याला जुन्या दंड संहितेचे कलम ४२० लागू झाले. त्यानंतरच्या अशा प्रकरणांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते.

ग्राहक आयोगाचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे कोणी कोचीचे किंवा अन्य ठिकाणचे कार्यालय दाखवून हात झटकू शकत नाही. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि समान तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रही येता येते. आम्ही सादर केलेल्या कागदांत सर्वांत उपयोगी ठरली ती छापील कार्यक्रमपत्रिका, कारण तिच्यातील मिनिकॉयचा सूर्यास्त पाहून हा कार्यक्रम पार पाडण्याचा हेतूच नव्हता हे दाखवणे सोपे जाते.

सध्या त्याच गाळ्यावर दुसऱ्या नावाची पाटी असून अंदमानच्या सहलींची नोंदणी चालू असल्याचे परिचितांकडून कळते. ज्यांनी तेथे पूर्वी लक्षद्वीपसाठी पैसे भरले असतील त्यांनी पत्रक, संदेश, यूपीआयच्या नोंदी आणि मुदतीत असलेला धनादेश जपून ठेवावा, धनादेश तारीख उलटण्यापूर्वी बँकेत भरावा, आणि दोन वर्षांची मुदत संपण्याआधी सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करावी.